केटुरा लूमिसची सही

टार्बेलच्या बायकांना वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. बायबल वाचता आलं नाही तर जीव नरकात जायचा, म्हणून पोरींना अक्षरओळख करून द्यायची. लेखणी मात्र बाप्यांची. खरेदीखतं, पत्रं, मृत्युपत्रं हा सगळा बाप्यांचा कारभार. बाईनं कागदाच्या तळाला फुली मारायची, कारकुनानं शेजारी ‘ही अमक्या बाईची खूण’ असं लिहायचं, की झालं काम. गावच्या दफ्तरात अशा फुल्या पेरलेल्या रानात कावळे बसावेत तशा बसल्यात.

केटुरानंही लग्नाच्या दिवशी फुलीच मारली. पण तिची गोष्ट जरा निराळी होती. तिच्या बापाचा कनेक्टिकटात छापखाना. सहा वर्षांची होती तेव्हापासून ती उपड्या खोक्यावर उभी राहून छपाईचे खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. पोरगी उलटंच वाचायला शिकली. पुढं बायबलची पानं सरळ वाचायची वेळ आली तेव्हा तिला वाटलं, हेच कुणीतरी उलटं छापलंय. अठराव्या वर्षी तिच्यासारखा खिळे जुळवणारा जुळारी आसपासच्या तीन परगण्यांत नव्हता. पेटीकडं न बघता हात खणाखणांतून फिरायचा, कोंबडी दाणे टिपते तसा. एकदा तिनं बापाकडं लेखणी मागितली. बाप म्हणाला, “बोरू कशाला पायजे तुला? शिशाची अक्षरं हाईत की तुझ्या मुठीत.” झालं, विषय मिटला.

तिचा नवरा असाहेल लूमिस शाळामास्तर होता. मास्तरकी सोडून तो व्हर्माँटात टार्बेलला आला, तिथंच त्यानं केटुराशी लग्न केलं आणि ‘लँटर्न’ नावाचं साप्ताहिक काढलं. दर बुधवारी निघायचं. त्या काळात पेपर म्हटला की त्याला बाजू असायचीच, जसं बैलाला शिंग. सरकारवाले फेडरलिस्ट एकीकडं, रिपब्लिकन दुसरीकडं. असाहेल कट्टर रिपब्लिकन. लिहायचा ‘केटो’ या नावानं. माणूस सरळ, पण त्याचं वाक्य तिथल्या हिवाळ्यासारखं, एकदा सुरू झालं की संपायचं नाव नाही. लोक पेपर घ्यायचे, केटोचा मजकूर चाळायचे आणि हरवलेल्या घोड्याची जाहिरात तेवढी वाचायचे.

एका मंगळवारी जुळवलेली पानं चौकटीत आवळून फर्मा बांधायची वेळ झाली आणि शेवटच्या पानावर वीतभर जागा मोकळी राहिली. असाहेल खानावळीत राजकारण कुटत बसलेला. यंत्राचा दांडा ओढणारा झेब्युलन दारात उभा राहून म्हणाला, “वैनी, ही जागा भरा नाहीतर त्यात बटाटं तरी लावा. शाई वाळाय लागली.”

केटुरानं खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली आणि मनातलं सरळ शिशात उतरवलं. कागद नाही, लेखणी नाही, खाडाखोड नाही. डोक्यातून बोटांत आणि बोटांतून फर्म्यात. खाली सही काय करायची? चुलीपाशी भाता टांगलेला होता. तिनं ‘चुलीचा भाता’ असं जुळवलं आणि झेबला म्हणाली, “ओढ.”

बुधवारी खानावळीत तो मजकूर तीनदा मोठ्यानं वाचला गेला. असाहेल घरी आला तो तणतणत. “माझ्या पेपरात मला न विचारता?”

“जागा मोकळी होती.”

तो खुर्चीत बसला. जरा वेळानं म्हणाला, “पुढच्या आठवड्यात काय लिहिणार आहेस?”

तेव्हापासून भाता दर बुधवारी फुंकायला लागला. गावाला वाटलं, मास्तरला एकाएकी वाचा फुटली. खानावळीत कुणी पाठीवर थाप मारून म्हणालं, “मास्तर, भाता झकास पेटलाय,” की असाहेल हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. समोर आलेली सफरचंदाची दारू, सायडर, मात्र प्यायचा. केटुराला ते ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं नाही. हातात काम होतं आणि काम आवडतं होतं.

सतराशे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सरकारनं कायदा केला: सरकारची किंवा राष्ट्राध्यक्षाची बदनामी लिहील, छापील, त्याला तुरुंग. कुठं कुठं संपादक धरले जायला लागले. असाहेलनं त्यावर अडीच पानं केटो लिहिला. कुणी वाचला नाही, म्हणून कुणी धरलाही नाही. मग एका बुधवारी भात्यानं सात ओळी छापल्या:

‘राष्ट्राध्यक्ष गावात आले की तोफा उडतात. आमच्या गोठ्यातला कोंबडा आरवला की सूर्य उगवतो, आणि तो आपल्यामुळंच उगवतो अशी त्याची पक्की समजूत आहे. पण त्या समजुतीपायी आम्ही दारू जाळत नाही. फार झालं तर दाणे टाकतो, आणि रविवारी त्याच्याकडं जरा टक लावून बघतो.’

पंधरा दिवसांत उपमार्शल कॅप्टन रूएल हॅस्किन्स वॉरंट घेऊन दारात आला. कोर्टात सरकारी वकिलानं हस्तलिखित मागितलं. हस्तलिखित कुठून येणार? झेबला विचारलं तर म्हणाला, “मी दांडा ओढतो साहेब. मला अक्षर म्हंजे काळं आन् गोरं.” शेवटी असाहेलच उठून उभा राहिला. “पेपर माझा. त्यात छापलेली ओळन् ओळ माझी.” मागच्या बाकावर केटुरा उठायला लागली होती. त्यानं मान वळवून तिच्याकडं असं काही पाहिलं की ती खाली बसली. चार महिने तुरुंग, वर दंड.

तुरुंग गावातच होता, चर्चच्या मागं. तुरुंगाधिकारी ओबेड टटल शेजारधर्माचा माणूस. त्यानं असाहेलला माडीवरची खोली दिली. तिथं शेकोटी होती, खिडकी होती. असाहेलची छाती लहानपणापासून कच्ची. ओबेड म्हणाला, “वैनी, जेवण घरचं आना. माझ्या बायकूच्या हातचं खाल्लं तर सरकारला दुसरा खटला भरावा लागंल.”

पहिल्याच भेटीत असाहेल म्हणाला, “हे बघ केटुरा, एक बुधवार चुकला की ते जिंकले. पेपर बंद पडता कामा नये.”

“न्हाई पडायचा.”

नाही पडला. पुढच्या बुधवारी भाता फुंकला तो घरपट्टीवर. सरकारचा माणूस घरोघर खिडक्या मोजत हिंडत होता, त्याच्यावर. सगळं गाव हसलं. आणि सगळं गाव डोळे मिचकावून म्हणालं, मास्तर तुरुंगातून लिहितोय.

कॅप्टन हॅस्किन्सनंही तेच म्हटलं, फक्त डोळे न मिचकावता. कैद्यानं आतून लिहायचं आणि बाहेर छापायचं म्हणजे सरकारच्या तोंडावर थुंकणंच की. तो तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून बसला. केटुरा राय धान्याचा पाव घेऊन आली, त्यानं पावाचे चार तुकडे केले. घेवड्याचं मडकं आणलं, त्यानं बाही सारून हात आत घातला. काकवी आणि डुकराची चरबी घातलेला तो घेवडा रात्रभर भट्टीत शिजलेला, चुन्याच्या भट्टीसारखा गरम. कॅप्टनचे डोळे पांढरे झाले, पण हात त्यानं तळापर्यंत नेला. बहाद्दर माणूस.

“घावलं काय काय?” केटुरानं विचारलं.

“जाताना रिकामं मडकंही तपासणार आहे मी.”

“तपासा की. घासून बी द्या जमलं तर.”

ओबेड भिंतीकडं तोंड करून खोकत राहिला.

दोन बुधवार असे गेले. कॅप्टननं असाहेलचे मोजे उलटे करून पाहिले, अस्तर उसवलं, कागद नेला, दौत नेली, शेकोटीतले कोळसेही मोजून ठेवले. तिकडं भाता फुंकतच होता. कुणाच्या डोक्यात दुसरं काही यायचंच नाही. मजकूर आला म्हणजे तो कुणीतरी लिहिलेला असणार, लिहिणारा म्हणजे बाप्या, आणि त्या घरातला बाप्या तर माडीवर कोंडलेला. मग कागद जातो कुठून? जो निघालाच नव्हता तो कागद सबंध सरकार हुडकत होतं.

तिसऱ्या आठवड्यात कॅप्टनची सहनशक्ती संपली. त्यानं असाहेलला तळघरात टाकलं. दगडी खोली, शेकोटी नाही, भिंतींना पाझर. आणि बजावलं, भाता आणखी एकदा छापला तर नवा खटला, नवी शिक्षा, आणि ती इथंच भोगायची.

त्या दिवशी केटुरा मडकं घेऊन गेली तेव्हा ओबेडनं तिला गुपचूप खाली नेलं. दाराला हातभर झरोका. आतून खोकला ऐकू आला, फुटक्या पिंपात दगड हलवावेत तसा.

“अहो.”

“आलीस? आज वार कोणता?”

“सोमवार. आवं, म्या जाऊन सांगते त्यास्नी. माझं हाय म्हनून.”

“नाही सांगायचं. तुला धरतील. मग खिळे कोण जुळवणार? झेब?”

“आन् तुमी हितं मरून गेल्यावर पेपर काय करायचा? तुमची मयत छापायची?”

केटुरा झरोक्याला तोंड लावून म्हणाली, “खरं सांगा. माझ्या काळजीनं नगं म्हनता, का त्या सायडरपायी?”

आत बराच वेळ खोकला. मग असाहेल म्हणाला, “दोन्ही.”

“ह्ये बरं केलं. खरं बोललात.” तिनं पावाचा तुकडा झरोक्यातून आत सरकवला. “चावून खावा. उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एप्रनवरच स्क्वायर मर्विनच्या कचेरीत गेली. स्क्वायर गावचा दंडाधिकारी. पक्का फेडरलिस्ट, पण न्यायात काटा मारणारा नव्हे. कॅप्टन हॅस्किन्स तिथंच बसलेला होता, उजव्या हाताला लोण्याची पट्टी बांधून.

“भाता म्या लिवते,” केटुरा म्हणाली. “कोंबड्याचं बी मीच लिवलं. मास्तरला वर न्या.”

कॅप्टन हसला. मग त्यानं स्क्वायरच्या टेबलावरचा कागद तिच्याकडं लोटला, पिसाची लेखणी शाईत बुडवून तिच्यापुढं धरली. “लिही.”

“येत न्हाई.”

“काय येत नाही?”

“बोरूनं लिवाय येत न्हाई.”

आता स्क्वायरही हसला, पण जरा कसंनुसं. तो म्हणाला, “केटुराबाई, नवऱ्यासाठी खोटं बोलणारी तू पहिली नाहीस. तुझ्या लग्नाच्या कागदावर मीच साक्षीदार होतो. फुली मारलीस तू.”

“व्हय, मारली. तुमी कवा कुनाला इचारलंत, की बाई, तुला फुलीबिगर दुसरं काय येतं? छापखान्यात चला.”

कचेरीतून छापखान्यापर्यंत शंभर पावलं. तेवढ्यात अर्धं गाव मागं लागलं. आत शिरताच कॅप्टननं नाक धरलं. शाई लावायचे कातडी गोळे मऊ राहावेत म्हणून रात्रभर मुतात भिजवून ठेवतात. झेब नुकताच ते पिळत होता. “बसा कॅप्टन,” झेब म्हणाला, “ह्यो वास लोकशाहीचा हाय. सवय व्हईल.”

केटुरा पेटीपुढं उभी राहिली. “कशावर लिवू?”

“वाटेल त्यावर,” कॅप्टन म्हणाला. “पाठ करून आली असशील. नवऱ्यानं झरोक्यातून पढवलं असेल. थांब, मीच सांगतो. माझ्यावर लिही. आत्ता, इथं, या क्षणाला.”

“बगा हं.”

“लिही म्हणतो ना.”

तिनं डाव्या हातात स्टिक धरली. एक दम घेतला, आणि उजवा हात सुटला. टिक, टिक, टिक. ती पेटीकडं बघत नव्हती, स्टिककडंही नाही. ती कॅप्टनच्या तोंडाकडं बघत होती, चितारी बघतो तशी. दारातली कुजबूज थांबली. एकदाच तिचा हात अडला. तिनं दोन खिळे परत खणात टाकले, दुसरा शब्द घेतला आणि पुढं निघाली. ओळी भरल्या, दोरीनं बांधल्या, फर्म्यात बसल्या. झेबनं दोन्ही गोळे शाईत घोळून थापटले, ओला कागद ठेवला, दांडा ओढला. यंत्र करकरलं. ताजा कागद त्यानं स्क्वायरच्या हातात दिला.

स्क्वायरनं चष्मा लावला आणि वाचलं. सवयीनं मोठ्यानं वाचलं, हीच काय ती त्याची चूक.

“‘कॅप्टन हॅस्किन्स यांनी गेल्या तीन आठवड्यांत आमची पाच मडकी घेवडा आणि अकरा पाव तपासले. घेवड्यात घेवडा सापडला. पावात पाव सापडला. एवढ्या शोधाबद्दल सरकार त्यांना पगार देतं. आमची कोंबडीही दिवसभर उकरून हाच शोध लावते. फरक इतकाच, की ती भाजलेला पाय घेऊन घरी येत नाही, आणि संध्याकाळी अंडं देते. चुलीचा भाता.’”

पहिल्यांदा हसला गर्दीतला ओबेड. मग दारात उभ्या बायका. मग रस्ता. एक म्हातारी उंबऱ्यावरच बसली आणि एप्रनात तोंड घालून हलत राहिली. कॅप्टन लाल झाला, पांढरा झाला. स्क्वायरनं कागद दुसऱ्यांदा वाचला, या वेळी मनात. मग चष्मा काढून त्यानं केटुराकडं पाहिलं. सतरा वर्षं शेजारी राहिलेल्या बाईकडं त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

“हे हिनंच केलं,” तो म्हणाला.

“मग हिला धरतो,” कॅप्टन म्हणाला.

“धरा की. हात म्होरं करू?” केटुरानं शाईनं काळे झालेले दोन्ही हात पुढं केले. मागं हसू थांबलं होतं.

स्क्वायर घसा खाकरून म्हणाला, “कॅप्टन, धरायला माझी ना नाही. पण मग खटला चालणार. पुरावा म्हणून हा कागद कोर्टात वाचला जाणार, मोठ्यानं. खालच्या कोर्टात एकदा, वरच्या कोर्टात एकदा. बॉस्टनचे पेपरही छापतील. तुम्हाला चालेल?”

कॅप्टननं पट्टी बांधलेला हात पाठीमागं नेला.

“जबानी घ्या तिची,” स्क्वायर मागोमाग आलेल्या कारकुनाला म्हणाला. “मजकूर केटुरा लूमिसचा, कैद्याचा नाही. कैद्याला आजच्या आज माडीवर हलवा.”

कारकुनानं तिथंच टेबल झाडून जबानी लिहिली आणि तळाला बोट ठेवलं. “इथं फुली मार, बाई.”

“न्हाई.”

“अगं, सही लागते. फुलीशिवाय कागद पक्का होत नाही.”

केटुरा पेटीकडं वळली. मोठ्या खिळ्यांच्या खणांतून तिनं एकेक अक्षर उचललं, दोरीचे दोन वेढे दिले, झेबच्या गोळ्यावर ती गठडी टेकवली आणि जबानीच्या तळाला तळव्यानं दाबली. दाबून धरली, चांगले तीन श्वास. उचलली तेव्हा कागदावर काळंभोर, ताठ उभं होतं: केटुरा लूमिस.

कारकून म्हणाला, “असं चालतं का, स्क्वायर?”

स्क्वायर म्हणाला, “वाचता येतंय ना? तुझ्या सहीपेक्षा बरं वाचता येतंय.”

असाहेल त्याच संध्याकाळी माडीवर गेला. दुसऱ्या दिवशीचा ‘लँटर्न’ वेळेवर निघाला. पहिल्या पानाच्या माथ्यावर जिथं असाहेलचं नाव असायचं तिथं छापलेलं होतं, ‘लिहिणारी आणि छापणारी: केटुरा लूमिस’. खालच्या कोपऱ्यात घेवडा होताच. ओबेडनं तो अंक वर नेऊन दिला. म्हणे मास्तरनं माथा वाचला, घेवडा वाचला, पुन्हा माथा वाचला, आणि म्हणाला, “खिळे जरा मोठे लावलेत तिनं.” मग म्हणाला, “शोभतात.”

वसंतात तो सुटला तेव्हा गावानं बिगुल वाजवून त्याला खानावळीत नेलं. कुणीतरी त्याच्यापुढं सायडरचा पेला ठेवला. असाहेलनं तो उचलला, अर्ध्या खानावळीतून चालत जाऊन दारापाशी उभ्या केटुराच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी नुसता तुरुंगात बसलो. लिहिलं हिनं.” एवढं लहान वाक्य त्याला जन्मात जमलं नव्हतं. केटुरानं सायडर पिऊन पेला परत दिला. “आता घरी चला. मंगळवार हाय, फर्मा बांधायचाय.”

पुढं तो कायदा मुदत संपून मेला, राष्ट्राध्यक्ष बदलला, रिपब्लिकनांचं सरकार आलं. असाहेल केटो लिहीत राहिला, लोक चाळत राहिले. भाता मात्र एकवीस वर्षं फुंकला. नव्या सरकारलाही त्यानं सोडलं नाही. तेव्हा रिपब्लिकन रुसले, फेडरलिस्टांनी वर्गणी भरली, आणि केटुरानं दोघांनाही एकाच मडक्यात शिजवलं. एकही बुधवार चुकला नाही. असाहेल वारला तोही बुधवारी. त्या दिवशी अंक दुपारी निघाला, पण निघाला.

लिहायला ती शेवटपर्यंत शिकली नाही. सुनेनं एकदा शिकवायचं काढलं तर म्हणाली, “आता कशाला? माझं अक्षर लोकांस्नी वाचाय लागतं तसंच हाय.”

टार्बेलच्या दफ्तरात नदीकाठच्या कुरणाचं खरेदीखत आहे. वर पाच जणांच्या सह्या, पावसात भिजलेल्या कोळीकिड्यांसारख्या. तळाला तिघींच्या फुल्या. आणि त्यांच्या मधोमध काळ्या, ताठ अक्षरांत तिचं नाव. त्या कागदाच्या वेळचा कारकून नवा होता, पण त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती शाई लावलेली खिळ्यांची गठडी घेऊन कचेरीत शिरताना दिसली तशी त्यानं लेखणी उचलून बाजूला ठेवली, टेबलावर कागद सपाट केला, आणि हात पुसायला फडकं पुढं सरकवलं.